देठ वर, देठ खाली

यंदाही आंबा आला. तो येतोच. कोणाच्या घरात काय झालं, कोण कोणाशी बोलेनासं झालं, याची कलमांना काही पडलेली नसते. चैत्र लागला की आमच्या पडवीपासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे पेंढा होतो. भातात काडी, केसांत काडी, अंथरुणात काडी. पावसच्या अलीकडे सड्यावर आमची बाग आहे, आणि या दिवसांत रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही आमचं घर नाकाने कळतं.

हा वास मला जन्मभर आवडत आला. सासर सुटल्यावर परत माहेरी राहायला आले तेव्हाही, एक या वासासाठी तरी आले असं मी हसत सांगायची. यंदा मात्र दादाने अढी उघडली की मी तोंड फिरवते. दादा म्हणतो, "काय गो, आंबा नको झाला काय तुला?" माझ्या मोठ्या भावाशी मी गेले अठरा दिवस कामापुरतं बोलते आहे.

हे सगळं आतेच्या नाकावरून झालं.

यमूआते म्हणजे वडिलांची बहीण. लग्न झालं नाही, म्हणजे जमलं नाही, आणि पुढे तिनेच जमू दिलं नाही. आमच्या घरात आंबा तोडायचा कधी हे आधी वडील आणि नंतर दादा ठरवायचा, पण अढीतून काढायचा कधी हे फक्त आते ठरवायची. माळ्यावर अंधारात पेंढ्याच्या थरावर आंबे पसरलेले असत. सकाळी चहासुद्धा न घेता ती वर चढायची. आंबा तीन बोटांत धरायचा, आधी सगळा श्वास सोडून द्यायचा, मग देठापाशी नाक नेऊन एकदाच हुंगायचं. दोनदा नाही. "दुसऱ्यांदा हुंगला की नाक आपल्याला हवं ते सांगतं," असं म्हणायची. मग निकाल. हा आजचा, हा उद्याचा, हा परवा दुपारचा. परवाचा म्हटलं तर परवाच. सकाळचा म्हटलेला आंबा दुपारपर्यंत थांबवला तर तिला ते चव घेऊन कळायचं आणि मग दिवसभर आमचा उद्धार.

या नाकासाठी तिने काय काय सोडलं होतं! मिश्री सोडली. आंब्याच्या दिवसांत सकाळचा कांदा नाही. आणि डोक्यात फूल माळायचं ते फक्त अबोलीचं, कारण अबोलीला वास नसतो. बाकीच्या बायका मोगरा माळून हळदीकुंकवाला यायच्या आणि आमची आते वास नसलेला गजरा घालून मिरवायची. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. मी एकदा तिच्या वेणीत गुपचूप घमघमत्या सुरंगीचा वळेसर खोचला होता, तर तिने मला अंगणभर पळवलं होतं.

साथीमुळे सगळं बंद झालं त्या वर्षी, शिमग्याच्या आधी, ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण उठवायला बसवायला चोवीस तास माणूस हवं होतं. घरात गड्यांची वर्दळ सुरू होणार, मी एकटी चुलीपाशी. दादाने संगमेश्वराकडे नदीकाठी असलेला एक वृद्धाश्रम शोधला. स्वच्छ होता, व्यायाम करून घेणारी बाई होती. आतेला आम्ही सांगितलं, "आंबा संपेपर्यंत गो. पाऊस लागायच्या आत घरी." ती म्हणाली, "आणि अढी कोण बघणार?" दादा म्हणाला, "तुला गाडीने आणत जाऊ की आठवड्याला." तिने अबोलीचं एक रोप करवंटीत लावून बरोबर नेलं.

आठवड्याला कसलं आणतोय. ती गेली आणि पंधरा दिवसांत सगळंच बंद झालं. आश्रमाच्या फाटकाला साखळी लागली. म्हाताऱ्या माणसांना आधी धोका, म्हणून आत कोणी जायचं नाही, बाहेर कोणी यायचं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मासळी बंद, बोटी ओढून ठेवलेल्या, ताटात रोज सुकट नाहीतर कुळथाची पिठी. आणि बागेत आंबा मात्र असा लगडलेला की फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. इतका आंबा आणि इतकी शांतता मी एका वेळी कधी पाहिली नाही.

फोन करायचे मी रोज चार वाजता. आधी ती खोकल्याची टेप वाजायची, मग सूचना, मग रिंग. आते कानाने मंद. "जेवलीस का?" "काय?" "जेवलीस का गो?" "कोण गेला?" असं आमचं बोलणं. शेवटी तीच वैतागली. "हे काय बोलणं म्हणायचं? त्यापेक्षा आंबे पाठव. माझं नाक कुठं बंद हाय?"

आणि तिनेच युक्ती काढली. भाजीचा टेम्पो चालवणारे इकबालभाई तेव्हा एक दिवसाआड त्या बाजूला जायचे. त्यांच्याकडे परवाना होता. प्रत्येक अढीतले बारा आंबे एका लहान पेटीत घालून मी सकाळी द्यायची. ते फाटकापाशी ठेवायचे. आश्रमातल्या शोभाताई पेटी आत न्यायच्या. आते एकेक हुंगायची आणि परत पेंढ्यात ठेवताना खूण करायची. देठ वर म्हणजे तयार, काढा. देठ खाली म्हणजे अजून नाही, थांबा. संध्याकाळी येताना इकबालभाई पेटी परत आणायचे. मी पडवीत पेटी उघडायची आणि आतेचं सगळं बोलणं मला एका नजरेत वाचता यायचं. आठ वर, चार खाली. कधी एखादा आडवा ठेवलेला असायचा. म्हणजे "हा तुम्हीच खा, याच्यात साका असणार". कापला की आत साका, तो पांढरट कच्चा गर, असायचाच.

पहिल्यांदा शोभाताई पेटीतले आंबे साबणाने धुवायला निघाल्या होत्या. आतेने म्हणे असा आरडाओरडा केला की शेजारच्या खोलीतले आजोबा काठी घेऊन बाहेर आले. "धुतलेस तर मी हुंगू काय, साबण?" शेवटी तह झाला. पेटी तासभर ओट्यावर ठेवायची आणि मग आत न्यायची. शोभाताई मला फोनवर म्हणाल्या होत्या, "तुमची पेटी यायच्या दिवशी आजी पहाटेच वेणी घालून बसतात हो." हे ऐकून मी किती रडले होते, आणि किती खूश झाले होते. वाटलं, भेटता येत नाही तर नाही. हे भेटीहून काय कमी आहे?

चार हप्ते हे चाललं. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले चार हप्ते होते, असं मी परवापरवापर्यंत म्हणत होते.

मग एक दिवस पेटी परत आली आणि बाराच्या बारा देठ खाली.

मी चक्रावले. आंबे पिवळेधम्मक होते. एकावरही हिरवी झाक नाही. त्या वेळची पेटी मी भरली नव्हती, दादाने भरून दिली होती, खालच्या शेडमधल्या अढीतली. तिथे बाहेरच्या गाड्यांची माणसं येतात, तू येऊ नको, असं म्हणून त्याने मला शेडकडे फिरकू दिलं नव्हतं. गाड्यांना परवाना मिळायचा तो ठरल्या दिवसाचा, आणि त्या दिवशी माल पिकलेला नसेल तर आख्खी बाग सडायची. दादा तेव्हा डोळ्यांत तेल घालून राबत होता. त्याची काळजी मला दिसत होती. मीच त्याला गूळपाणी नेऊन द्यायची.

चार वाजता मी फोन केला. तिला लगेच ऐकू आलं, कारण ती वाटच बघत होती.

"बाय, हे आंबे कुठले?"

"आपलेच गो, खालच्या शेडमधले."

"रंग हाय, वास नाय. आणि तळाला लसणीसारखा काहीतरी वास मारतो. पूड लावलीत काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात आंबा झटपट पिकवायची पूड? ज्या घरात वडिलांनी व्यापाऱ्याला पुडीसकट फाटकाबाहेर काढलं होतं? मी म्हणाले, "आते, असं बोलवतं तरी कसं तुला?" आणि फोन ठेवून दादाकडे गेले.

दादा पेट्यांवर खिळे ठोकत होता. त्याने हातोडी खाली ठेवली, क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "तिला मागच्या आठवड्यात ताप येऊन गेला ना?"

आला होता. दोन दिवस, अंगात कसकस. गोळ्यांनी उतरला होता, तपासणीला कोणी नेलंही नव्हतं.

"मग झालं तर. या आजारात वास जातो, बातम्यांत रोज सांगतायत. आणि नाही ते वास येतात म्हणे. नाक गेलंय गो तिचं. वाईट वाटतं, पण सांगायला हवं तिला. तू सांग. माझं नाही ऐकणार."

मी तो आंबा उचलून एकदा तरी हुंगायला हवा होता. एवढी साधी गोष्ट. पण अंगणभर, घरभर, माझ्या पदरालासुद्धा तोच वास होता. त्यात वेगळा आंबा कोण हुंगत बसतंय? आणि भावाच्या शब्दावर शंका घ्यायची तर त्याला काही कारण लागतं. मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तिला एकेक वाक्य दोनदोनदा सांगून समजावलं. किती गोड आवाजात समजावलं म्हणून सांगू! आते, हा आजारच तसा आहे. कितीतरी लोकांचा वास गेलाय. तुझी काही चूक नाही. आपल्या घरात पूड येईल का कधी? तुझ्या गळ्याची शपथ.



"लसणीचा वास पण खोटा?"

"हो गो. तसे भास होतात म्हणे."

"असेल. तू शपथ घेतेस, म्हणजे असेल."

पुढची पेटी परत आली ती बाराच्या बारा देठ वर. ओळीत, एकसारखे, पेंढ्याची काडीही हललेली नव्हती. दादा म्हणाला, "बघ, कळलं तिला." त्याच्या पुढच्या वेळी शोभाताईंचा निरोप आला की आजी म्हणतात, पेटी नका पाठवू, तुमचं तुम्हीच बघा. चारच्या फोनवरही ती कधी झोपलेली असायची, कधी न्हायला गेलेली. एकदा तर मला तिचा आवाज मागून ऐकू आला, "सांग, निजले." मी टेप ऐकायची, रिंग ऐकायची, आणि फोन ठेवून द्यायची. जून आला, पाऊस आला, आंबा संपला. फाटकाची साखळी काही निघाली नाही.

निघाली तेव्हा भातकापणीचे दिवस होते. मी आणि दादा तिला आणायला गेलो. ती खुर्चीत बसली होती, चालायला लागली होती, खुबा बरा होता. पण अर्धी झाली होती. डोक्यात मोगरा. आश्रमाच्या कुंडीतला उशिरा फुललेला, शोभाताईंनी माळलेला. मी बघतच राहिले.

"आते, मोगरा?"

"आता काय त्याचं," ती म्हणाली. "मला थोडाच येतोय."

घरी चल म्हटलं तर नको म्हणाली. भांडली नाही, रुसली नाही. "नाक नाय तर तिथं येऊन काय करू? माळ्याखाली बसून, तुम्ही वर चढताना तुमच्या पाठी मोजू?" आम्ही दोघांनी पुष्कळ विनवलं. म्हणजे मी विनवलं. दादा गाडीपाशी जाऊन उभा राहिला होता. मला वाटलं, बिचाऱ्याला बघवत नाहीये.

तेव्हापासून ती तिथेच आहे. मी महिन्यातून एकदा जाते. आता साखळी नाही, वेळेचं बंधन नाही, हवं तेवढं बसता येतं, आणि बोलायला फारसं काही नसतं. एकदा आम्ही अशाच ओट्यावर बसलो होतो आणि ती एकदम म्हणाली, "कोणीतरी सोडे भाजतंय." आणि लगेच हात झटकला. "छे. भासच तो." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होतं गो असं." परतताना फाटकाबाहेरच्या घरात चुलीवर सोडे, सुकी कोळंबी, भाजत होते. ते मी बघितलं. माझ्या नाकालाही तो वास आला. तरीही माझ्या मनात शंका आली नाही. इतका माझा दादावर विश्वास होता.

अठरा दिवसांपूर्वी मी शेडच्या मागे पेंढा आणायला गेले होते. आत दादा एका ओळखीच्या बागायतदाराशी बोलत होता. तो नवा आहे, आंबा एकदम पिकवायचा कसा या विवंचनेत होता. दादा त्याला धीर देत होता.

"अरे, एखाद्या वर्षी चालतं. बंदच्या साली मी पण लावली होती, दोन हप्ते. गाडीचा दिवस ठरलेला, करणार काय? कोणाला पत्ता लागला नाही." मग तो हसला. "एक आमची आते सोडून. तिने साठ किलोमीटरवरून ओळखलंन!"

दोघे हसले. दादाच्या हसण्यात कौतुक होतं. ते मला सर्वांत जास्त लागलं. त्याला आतेच्या नाकाचं कौतुक होतं, इतकी वर्षं होतं, आणि ते त्याने मनात ठेवून दिलं होतं.

मी पेंढ्याचा भारा तिथेच टाकला. तो बागायतदार गेल्यावर आत गेले. काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. तोंडाला येईल ते बोलले. दादा आधी गोंधळला, मग चिडला.

"बावीस माणसं होती बागेत. त्यांना जेवायला कोण घालणार होतं? बाग वाचवली मी."

"बाग वाचवलीस. मग तिला खरं सांगायचं होतंस."

"तिला सांगितलं असतं तर तिने गावभर केलं असतं. आणि तू? तू गप्प बसली असतीस?"

"नसते बसले."

"मग?" तो म्हणाला. "म्हणून नाही सांगितलं. आणि एवढं काय झालं? ती तिथे सुखात आहे. एका नाकाचं काय घेऊन बसलीस!"

पूड लावली याचा राग माझा कदाचित उतरेलही. ते वर्षच तसं होतं, भल्याभल्यांनी नको ते केलं. पण त्याने ती शपथ माझ्याकडून घेववली. स्वतः फोन केला नाही. आते त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, माझ्यावर ठेवेल, हे त्याला नीट माहीत होतं. ज्या बाईला भेटता येत नव्हतं, जिच्याशी आमचं बोलणं बारा आंब्यांच्या देठांवर चाललं होतं, तिचं ते बोलणंच खोटं ठरवायला त्याने मला पाठवलं, आणि मी गूळपाणी देऊन त्याचं कौतुक करून गेले. विळ्याने कापलं तरी इतकं दुखलं नसतं. आणि दुखतंय ते नुसतं त्याच्यामुळे नाही, हेही मला कळतं. मी तो आंबा हुंगला नाही.

त्याच दिवशी मी माळा झाडला. स्वतः पेंढा पसरला, जुन्या कलमाचे आंबे स्वतः निवडून लावले, आणि कोणाला वर चढू दिलं नाही. दहा दिवस रोज सकाळी चहाच्या आधी वर जायची. श्वास सोडायचा, मग एकदाच हुंगायचं. मला काही कळत नाही, माझं नाक साधं आहे. पण आंबा आपल्या वेळेने पिकला. बारा निवडून मी त्याच जुन्या लहान पेटीत भरले आणि रविवारी एसटीने गेले.

आते ओट्यावर बसली होती. मोगरा होता. करवंटीतली अबोली आता मोठ्या डब्यात गेली आहे, ती पायाशी फुलली होती, आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. शेड, पूड, दादा. लसणीचा वास खरा होता हे दोनदा सांगितलं. शपथ मी खोटी घेतली, मला माहीत नव्हतं, पण घेतली मीच, हेही सांगितलं. "तुझं नाक गेलं नव्हतं गो. कधीच गेलं नव्हतं. त्या दिवशी आख्ख्या घरात एकटी तूच बरोबर होतीस."

ती ऐकत होती. मान हलवत होती. मला वाटलं आता रागावेल. मी त्याचीच वाट बघत होते. मला अंगणभर पळवावं, उद्धार करावा, दादाला शिव्या घालाव्यात. ती म्हणाली, "घाबरला असेल तो. लहानपणापासून भित्रा." आणि पेटीकडे बघितलं.

मी झाकण काढलं. ओट्यावर शेजारी बसलेल्या आजी मान वळवून म्हणाल्या, "अगो बाई, काय वास सुटलाय!"

मी एक आंबा आतेच्या हातात दिला. तिने तो तीन बोटांत धरला, अगदी पूर्वीसारखा. सगळा श्वास सोडला. आंबा नाकापर्यंत नेला. तिथे तिचा हात थांबला, आणि हळूहळू खाली आला.

"नको बाय," ती म्हणाली. "वास आला तरी मला तो खरा कशावरून वाटायचा?"

मग ती पेंढा सारखा करायला लागली. आंबा हातात तसाच होता, न हुंगलेला. पेटीत जागा केली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "सांग. देठ वर ठेवू की खाली? तू म्हणशील तसा ठेवते."